लाल रुळाला बाक देणारा

आमच्या ह्यांचा सरळ दिसणाऱ्या वस्तूवर मुळीच विश्वास नाही. दुकानात साधी फूटपट्टी घ्यायची असली तरी ती डोळ्यासमोर धरणार, डावा डोळा मिटणार, उजव्या डोळ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवणार आणि दुकानदाराला सांगणार, "ही मधे दबलीय, दुसरी दाखवा." दाराची चौकट, पडद्याचा गज, पलंगाची कड, ह्यांच्या तावडीतून काही सुटत नाही. आमची पहिली भेट झाली तीही अशीच. मी तेव्हा कपडे शिवायच्या एका दुकानात कामाला होते. हे पँट आखूड करून घ्यायला आले आणि मी इस्त्री करून दिलेली पँट समोर धरून त्यांनी एक डोळा मिटला. इस्त्रीची घडी सरळ आहे का ते बघत होते म्हणे. मला वाटलं, मेला डोळा मारतोय. माझ्या हातात कात्री होती आणि तोंडाला लगाम नव्हता. दुकानाचे मालक मध्ये पडले म्हणून आमचा संसार झाला, नाहीतर पोलीस केसच व्हायची.

कारखान्यात त्यांना सगळे एकडोळ्या म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात आणि ह्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्यांचं कामच एका डोळ्याचं. कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात. पोलादाचा लालबुंद ठोकळा रोलरांमधून दाबत दाबत नेतात आणि शेवटी त्याचा लांबलचक रूळ होऊन बाहेर पडतो. तो बाहेर पडतो तेव्हा सुतासारखा सरळ असतो. आणि हे त्याला वाकवतात.

लग्नानंतर मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. चांगला सरळ रूळ तुम्ही वाकडा करता आणि वर दमून घरी येता? ह्यांनी माझ्याच शिलाईच्या पिशवीतून एक अस्तर लावलेला ब्लाउज काढला. अस्तर धुऊन आटलं होतं आणि वरचं कापड तसंच राहिलं होतं, त्यामुळे कड वळून आत गेली होती. "हे बघ," हे म्हणाले, "एक बाजू जास्त आटली की सगळं कापड तिकडे वळतं. रुळाचंही असंच." मग त्यांनी पाटीवर रुळाचा आडवा काप काढून दाखवला. वर जाड माथा, ज्याच्यावरून चाक जातं. मध्ये बारीक कंबर. खाली पसरट पाय, जो रुळाखालच्या आडव्या स्लीपरवर बसतो. पाय पातळ, म्हणून तो आधी गार होतो. माथा जाड, तो बराच वेळ लाल राहतो आणि शेवटी आटताना अख्ख्या रुळाला आपल्या बाजूला ओढून घेतो. सरळ ठेवलेला रूळ गार होईपर्यंत धनुष्यासारखा होतो. म्हणून तो लाल असतानाच उलट्या बाजूला, म्हणजे पायाच्या बाजूला, बाक द्यायचा. मग माथा ओढतो आणि रूळ सरळ होतो. "सरळ व्हायचं असेल तर आधी योग्य तेवढं वाकडं व्हावं लागतं," असं म्हणून हे स्वतःवरच खूश झाले. मी म्हटलं, माझा ब्लाउज द्या इकडे.

योग्य तेवढं म्हणजे किती, हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. ते ह्यांच्या उजव्या डोळ्यात होतं. रूळ गार करायला जिथे ठेवतात त्या भल्यामोठ्या जाळीला कारखान्यात बेड म्हणतात. बेडच्या कडेला उंचावर काचेची केबिन आहे. तिथे हे बसतात, हाताशी दांडे. दांडा ओढला की खालचे लोखंडी दट्टे रुळाला ढकलतात, मध्ये कमी, टोकांना जास्त. माथ्याचा रंग बघायचा, डोळा मिटायचा, दांडा ओढायचा. पिवळा, नारिंगी, पिकलेल्या मिरचीचा, विटेचा, असे त्यांचे रंग. मला साड्यांचे रंग सांगताना कधी इतके शब्द सुचले नाहीत त्यांना.

हे काम त्यांना एका म्हाताऱ्या कामगाराने शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, हे चुकले की तो हातावर चापट मारायचा आणि बरोबर आलं की पान थुंकायला बाहेर जायचा, एवढंच शिक्षण. पण त्याने एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली होती, ती हे देवाचं वाक्य असल्यासारखी जपून होते. चार बोटं बाक ठेवायचा. म्हणजे रूळ पूर्ण गार झाल्यावरही पायाच्या बाजूला थोडा वाकलेला राहू द्यायचा, टोकाशी रूळ आणि सरळ रेघ यांच्यामध्ये चार बोटं मावतील एवढा. कारण बाक कमी पडला आणि रूळ माथ्याच्या बाजूला वळला, तर तो पुढच्या सरळ करायच्या मशीनच्या तोंडात अडकतो आणि अख्खी लाईन बंद पडते. चार बोटं राहिली तर मशीनचे रोलर त्याला दाबून आरामात सरळ करतात. हे रोज गार रुळापाशी जाऊन, वाकून, टोकाशी चार बोटं आडवी घालून बघायचे. बोटं मावली की निश्चिंत. ह्यांच्या हातून रूळ मशीनमध्ये अडकला असं कधी झालं नाही. कारखान्यातल्या लोकांना याचं कौतुक होतं आणि ह्यांना त्याहून जास्त.

आम्हाला एकच मुलगी. ती रांगत असल्यापासून तिच्या हातात हे केरसुणीची काडी देऊन म्हणायचे, "बघ, सरळ आहे का?" ती दोन्ही डोळे मिटायची आणि म्हणायची, "आहे." मोठी झाली तशी शिकली, धातूंचं शिकली आणि त्याच कारखान्याच्या तपासणी विभागात लागली. रूळ चांगला की नापास हे ठरवणारा तो विभाग. ह्यांनी अख्ख्या शिफ्टला चहा पाजला. वर म्हणाले, "आता आपले रूळ आपलीच लेक पास करणार." पण तपासणाऱ्याच्या घरात राहणं सोपं नसतं, हे मला माहीत होतं. माझी सासू होती ना.

मग तो जाड रूळ आला.

खाणीतलं खनिज वाहणाऱ्या गाड्यांसाठी तो हवा होता. त्या गाड्यांची डब्यांची रांग संपता संपत नाही आणि एकेक डबा असा ठासून भरलेला की साधा रूळ त्यांच्याखाली झिजून जातो. इतके दिवस कारखान्यात मीटरला बावन्न किलोचा रूळ व्हायचा. हा अडुसष्ट किलोचा. बावन्न किलोचा उंचीला एकशे छप्पन्न मिलिमीटर, हा एकशे शहाऐंशी. त्याचा पाय एकशे छत्तीस, याचा एकशे बावन्न. ही मापं मला पाठ आहेत, कारण त्या दिवसांत आमच्या घरी दुसरं बोलणंच नव्हतं. जेवताना, चहा पिताना, आंघोळीचं पाणी काढताना अडुसष्ट किलो. मी एकदा म्हटलं, माझंही वजन तेवढंच आहे, माझ्याकडेही कधी बघा.

मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं की आधी चाचणीचे रूळ काढायचे, ते पास झाले तर काम आपल्याला. त्याच सुमारास कारखान्यात संगणकावर चालणारा एक तक्ताही आला होता. रुळाच्या आडव्या कापाची मापं आणि उष्णता घातली की तो किती बाक द्यायचा ते सांगायचा आणि दट्टे आपोआप हलवायचा. साहेबांनी ह्यांना केबिनमध्ये येऊन सांगितलं, "आधी तुमच्या हाताने काढू. तुम्ही असताना तक्ता कशाला?" हे घरी आले ते एक वीत वर चालत.

पहिली चाचणी झाली. हे सांगत होते की असा रूळ त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. बेडवर आला तेव्हा केबिनची काच तापली. ह्यांनी डोळा मिटला, दांडा ओढला. दुसऱ्या दिवशी गार रुळापाशी जाऊन बोटं घातली. चार बोटं, ना कमी ना जास्त. मशीनमधून रूळ बाहेर आले ते असे सरळ की शिफ्टच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी हात मिळवला.

त्यानंतर एका संध्याकाळी हे घरी आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. रुळांच्या टोकांना लाल रंग लावला होता. लाल रंग म्हणजे नापास. आणि तो कुणी लावला होता, ते विचारायची गरज नव्हती.

लेक आली, हातपाय धुऊन ताटावर बसली. मी वाढत होते. हे शांतपणे म्हणाले, आणि हे शांत बोलले की मला जास्त भीती वाटते, "मॅडम, रूळ सरळ नव्हते का?"

"सरळ होते, बाबा."

"उंची? पाय? माथा? कुठे माप चुकलं?"

"सगळं मापात होतं."

"मग रंग कसला फासलात?"

"आत ताण राहिलाय. वरून सरळ दिसतो, पण कापला की उघडतो. असा रूळ पायापासून चिरतो. वरून एवढी जड गाडी..."

"रुळावरून गाडी जाते की करवत?"

हे ताटावरून उठले. मीही ह्यांचीच बाजू घेतली, उगाच कशाला लपवू. सरळ रुळाला सरळ म्हणायला काय जातं? मी पोरीला म्हटलं, "बापाच्या कामाला लाल रंग लावताना हात थरथरला नाही तुझा?" ती म्हणाली, "थरथरला." आणि जेवत राहिली.

साहेबांनी आणखी एक चाचणी ठरवली. यात अर्धे रूळ ह्यांच्या हाताने आणि अर्धे तक्त्याने. ह्यांचे नापास झाले तर बेड तक्त्यावर चालेल आणि निवृत्तीपर्यंत हे वजनकाट्यावर. वजनकाटा म्हणजे फाटकाजवळची खोली. ट्रक येतो, थांबतो, काटा आकडा दाखवतो, ट्रक जातो. तिथे बसणाऱ्याने डोळा मिटला काय आणि उघडला काय, सारखंच. ह्यांनी घरी हे सांगितलं तेव्हा आवाज अगदी साधा होता, पण त्यांनी चहाचा कप दोनदा बशीबाहेर ठेवला. ते काम गेलं तर हा माणूस आतून विझेल, हे मला लख्ख दिसत होतं. बाप आणि लेक एकमेकांशी बोलायचे थांबले. मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत. दोघांच्या मध्ये बसून मी पोस्टमन झाले होते.

शेवटी मीच पदर खोचला. दुपारी डबा द्यायचं निमित्त काढून थेट तपासणी विभागात गेले. डोक्यावर त्यांनी एक पिवळी टोपी चढवली, ती कानावर येत होती, पण रागात मला त्याचं भान नव्हतं. ठरवून गेले होते की पोरीला सांगायचं, एकदा डोळेझाक कर, बापाचं आयुष्य गेलंय त्या केबिनमध्ये, जग काही बुडत नाही. खोलीत कानठळ्या बसवणारा आवाज चालला होता. लेक एका करवतीच्या मशीनपाशी उभी होती. तिने मला बघितलं, डबा घेतला आणि मला काचेपाशी उभं केलं.

ह्यांच्याच रुळाचा दोन हात लांब तुकडा मशीनवर आडवा बांधला होता. करवत त्याच्या कंबरेतून, माथा एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला राहील अशी, लांबीच्या दिशेने चिरत चालली होती. पाणी उडत होतं. पातं हळूहळू पुढे सरकत होतं. आणि पात्याच्या मागे जी चीर राहत होती ती रुंद होत होती. कुणी हात लावत नव्हतं. पातं तेवढंच, पण मागची चीर त्याच्याहून रुंद, आणखी रुंद. माथा वर आणि पाय खाली, दोघंही एकमेकांपासून दूर सरकत होते. घट्ट ब्लाउजची शिवण उसवायला घेतली की पहिले चार टाके आपण कापतो आणि पुढचं कापड आपणच फाकतं, तसं. मला पोलादातलं काही कळत नाही. पण जबरदस्तीने घातलेला कपडा कसा असतो ते मला कळतं. मी आले होते काय बोलायला ते विसरूनच गेले.

मी विचारलं, "ह्यांनी हे कधी बघितलंय?"

लेक म्हणाली, "बेडवरची माणसं इकडे येत नाहीत. बाबांनी आयुष्यभर रूळ अख्खाच बघितलाय."

मी म्हटलं, त्यांना बोलव. ती म्हणाली, दोनदा निरोप दिला, येत नाहीत. ते तर येणारच नव्हते, मी ओळखते ना. त्या खोलीच्या पायऱ्या चढणं म्हणजे त्यांना नाक मुठीत धरून जाणं वाटलं असतं. मग मी म्हटलं, तर हा तुकडा घरी येईल. लेकीला वाटलं मी चेष्टा करतेय. पण मोजून झालेला तुकडा भंगारातच जायचा होता. तिने परवानगी काढली, एका ओळखीच्या टेम्पोवाल्याने तो आमच्या दारात आणला, त्याने आणि त्याच्या हमालाने कुंथत उचलून आत घेतला आणि वजन बघून मधल्या वाटेतच टाकून ते पसार झाले. मी तो सरकवायला गेले तर जागचा हलला नाही.

हे घरी आले ते नेहमीच्या सवयीने आत आले आणि सणसणीत ठेच लागली. त्यानंतर त्यांनी जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही. अंगठा धरून खाली बसले. बसले तेव्हा कुठे बघितलं की ठेच कशाला लागलीय. चिरलेल्या बाजूने रुळाचं तोंड त्यांच्याकडेच होतं. मग एक डोळा मिटला. मग, आणि हे मी पहिल्यांदाच बघितलं, दोन्ही डोळ्यांनी बघायला लागले.

"हा माझा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच," मी म्हटलं. "माझ्यासमोर कापला. कुणी ओढला नाही, ताणला नाही. आपणच उघडला."

त्यांनी चिरेत करंगळीचं नख घातलं. माझ्याकडून मोजपट्टी मागून घेतली आणि पायाची कड मोजली, कंबर मोजली, माथा मोजला. अंगठ्यातून रक्त येत होतं, तिकडे लक्षच नाही. लेक दारात कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही.

"चार बोटंच होती," हे तिच्याकडे न बघता म्हणाले. पण बोलले तिच्याशी, हे महत्त्वाचं.

ती जमिनीवर त्यांच्या शेजारी बसली. "बाबा, जुन्या रुळाला चार बोटं चालतात. तो बुटका आहे, मशीनने दाबला की मुकाट सरळ होतो. हा वजनाला तीस टक्क्यांनीच जास्त, पण उंच आहे ना, म्हणून ताठपणा जवळजवळ दुप्पट. तेवढाच बाक काढायला मशीनला याला जीव खाऊन दाबावं लागतं. तो सरळ होतो, पण दाबलेलं सगळं आत राहतं."

"म्हणजे याला चार बोटं ठेवायचीच नाहीत."

"एक बोट. जमलं तर तेही नको."

"आणि उलटा गेला तर? मशीनमध्ये अडकला तर?"

"तेच अवघड आहे."

हे तुकड्याच्या पायावर तळवा ठेवून म्हणाले, "हा पायही जाड आहे. लवकर काळा पडणार नाही. मी केबिनमधून नुसता माथा बघत होतो. बेडवर रूळ कुशीवर पडलेला असतो, माथा माझ्याकडे आणि पाय पलीकडे. जुन्या रुळाचा पाय बघायची कधी गरजच पडली नाही." लेकीने त्यांच्या अंगठ्याला पट्टी बांधली. त्यांनी बांधू दिली. माझा जीव भांड्यात पडला. आता सगळं ठीक होणार असं मला वाटलं. मी त्या दिवशी पोस्टमनची नोकरी सोडली.

दुसऱ्या चाचणीच्या वेळी ह्यांनी जे केलं ते मला त्यांच्या जोडीदाराने सांगितलं. हा जोडीदार त्यांच्याबरोबर केबिनमध्ये असतो. ह्यांनी दांडे त्याच्या हातात दिले आणि स्वतः खाली उतरले. बेडला वळसा घालून पलीकडच्या भिंतीशी गेले, जिथे रुळाचा पाय दिसतो आणि जिथे कुणी उभं राहत नाही, इतकी धग असते. तोंडाला ओलं फडकं बांधून तिथे उभे राहिले. रूळ आला की पायाचा रंग बघायचा आणि हात वर करून जोडीदाराला खूण करायची, इतका ओढ, आता थांब. प्रत्येक रुळाला असंच. त्यांच्या वाट्याचे रूळ संपेपर्यंत हटले नाहीत. घरी आले तेव्हा भुवया अर्ध्या करपल्या होत्या आणि चेहरा उकडलेला. मी बोलून घेतलं, यथेच्छ बोलून घेतलं आणि मग तोंडाला लोणी लावलं.

गार झाल्यावर ह्यांनी टोकाशी बोटं घातली. एकही मावलं नाही. आणि एकही रूळ उलट्या बाजूला वळला नाही. सगळे रूळ मशीनमधून काही कुरबूर न करता पार झाले.

मग तपासणी. कुठला रूळ ह्यांचा आणि कुठला तक्त्याचा हे लेकीला सांगितलेलं नव्हतं. तिने कापायचं, मोजायचं आणि सांगायचं, कुणाचा कुठला ते नंतर उघड होणार.

त्या संध्याकाळी हे लवकर घरी आले. मी शिलाईला बसले होते. हे समोर खुर्चीत, हातात वर्तमानपत्र, ते उलटं होतं. लेक आली आणि दारातच उभी राहिली, खांद्यावरची पिशवीही उतरवली नाही.

"किती उघडला?" ह्यांनी विचारलं.

"मापात. सगळे पास झाले, बाबा. एकाही टोकाला लाल रंग नाही."

ह्यांनी डोळे मिटले, दोन्ही. मी मशीन थांबवून उठायला लागले, साखर आणायला, काहीतरी गोड करायला. पण लेक तिथेच उभी होती.

"तक्त्याचे?" ह्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"तेही पास."

"फरक किती?"

"फरक नाही."

"केसाएवढाही?"

"नाही, बाबा. मी परत परत मोजलं."

ती पुढे म्हणाली, "साहेबांनी मला आत बोलावलं. विचारलं, बाक द्यायला हाताचा माणूस लागतो का, की तक्त्यावर भागेल. तपासणी विभागाचं मत हवं होतं त्यांना."

"मग काय सांगितलंस?"

"भागेल म्हणून सांगितलं."

एवढं म्हणून तिचा बांध फुटला. ती उभ्यानेच रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडून. "मी 'लागतो' म्हणू शकले असते. तुमची दोनच वर्षं राहिलीत. कुणी काही विचारलं नसतं. माझ्या शब्दावर सोडलं होतं त्यांनी."

मी ह्यांच्याकडे बघत होते. करपलेल्या भुवयांखाली ह्यांचे डोळे लाल झाले होते. आता वर्तमानपत्र भिरकावतात की घराबाहेर पडतात, मला काही सांगता येत नव्हतं. ह्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी केली आणि बाजूला ठेवली.

"म्हणाली असतीस तर मी खरं मानलं असतं," हे म्हणाले. "दोन वर्षं ऐटीत केबिनमध्ये बसलो असतो. आणि तुला रोज माझ्यासमोर बसून जेवावं लागलं असतं." मग म्हणाले, "ये, बस. पिशवी तरी ठेव."

ती त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बेड आता तक्त्यावर चालणार आणि सोमवारपासून ते वजनकाट्यावर जाणार होते. दोघांनाही ते माहीत होतं आणि दोघंही किती चांगलं वागत होते!

मोठ्या मनाची माणसं आहेत. मला नाही जमत तसं. मला ती एकदा, फक्त एकदाच, खोटं बोलली असती तर चाललं असतं. मी ह्यांची बायको आहे, मला तपासणी विभागात कुणी नेमलेलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि भांडी घासायला घेतली. घासली कसली, आपटली. एकेक भांडं आपटलं. आणि बाहेरून दोघांपैकी कुणीही, काय झालं म्हणून विचारलं नाही.